जनावरांची यात्रा आणि कडेवरचे मूल : वाचकांच्या प्रश्नांना पशुवैद्यकाची उत्तरे

मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने महाराष्ट्रातल्या जनावरांच्या यात्रांचे. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, मार्गशीर्ष वद्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा होते, तर पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी गुरांचा आणि जेजुरीला गाढवांचा बाजार असतो. या दिवसांत या सदराकडे येणारी पत्रे एरवी लसीकरण, गोचीड आणि चाऱ्याविषयीची असतात. अलीकडे मात्र ज्यांच्या दारात एकही जनावर नाही, अशा आईवडिलांची आणि आजीआजोबांची पत्रेही बरीच येऊ लागली आहेत. त्यांतली काही निवडक पत्रे यावेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी वीस महिन्यांची आहे. पुस्तकातली गाय दाखवली की ती ‘हम्मा’ म्हणते, परंतु खरी गाय तिने केवळ गाडीच्या काचेतून पाहिली आहे. सासूबाईंचे माहेर मुरबाडकडचे असल्यामुळे यंदा सगळ्या कुटुंबाने म्हसा यात्रेला जायचे ठरवले आहे. इतक्या लहान मुलीला जनावरांच्या बाजारात न्यावे का, आणि नेल्यास तिला जनावरांना हात लावू द्यावा का, यावरून घरात दोन तट पडले आहेत. आपला सल्ला हवा. (वाचिका, कल्याण)

उत्तर : अवश्य न्यावे, असे माझे मत आहे. मात्र बाजाराविषयी एक गोष्ट आधी ध्यानात घेतली, तर पुढचे बहुतेक निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील. यात्रेत दिसणारे जनावर गोठ्यात असते तसे नसते. आदल्या दिवशी त्याला टेंपोत चढवलेले असते, रस्त्याचे हादरे खात ते उभ्यानेच आलेले असते, रोजच्या दावणीऐवजी अनोळखी माळावर परक्या जनावरांच्या शेजारी बांधलेले असते, त्याची पाण्याची वेळ चुकलेली असते आणि दिवसभर गिऱ्हाइके येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत, शेपटी पिरगाळत, ओठ उघडून दात मोजत असतात. घरी ज्या बैलाच्या पायांशी मालकाची पोरे बिनधास्त खेळतात, तोच बैल बाजारात एका परक्या स्पर्शाने दचकून लाथ झाडू शकतो. ‘आमचा बैल गरीब आहे, ताई, खुशाल लावू द्या हात’ असे मालक सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. फक्त तो घरच्या बैलाविषयी बोलत असतो.

म्हणून बैल, गाय, म्हैस, वळू अशा मोठ्या जनावरांना बाजारात मुलीने हात लावू नये; तिने ती पाहावीत. वीस महिन्यांच्या मुलीला पाहणे पुरेसे असते, किंबहुना हात लावण्याची घाई मुलांपेक्षा छायाचित्र काढणाऱ्या मोठ्यांनाच अधिक असते. जनावराकडे पाठ करून, मूल पुढे धरून छायाचित्रासाठी उभे राहणे हा बाजारातला सर्वांत वाईट प्रकार होय, कारण त्या क्षणी जनावर काय करते आहे हे कोणीच पाहत नसते.

उभे कोठे राहावे, हे जनावराच्या डोळ्यांवरून ठरते. गाईबैलांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना मान न वळवता जवळजवळ सगळा परिसर दिसतो. दिसत नाही तो नेमका पाठीमागचा भाग, आणि तेथून कोणी आले की ती बिचकतात. शिवाय गाय सरळ मागे लाथ मारत नाही. ती पाय आधी थोडा पुढे घेते आणि मग बाहेरच्या बाजूने फिरवून मागे झाडते, त्यामुळे तिच्या मांडीच्या शेजारी उभा असलेला माणूसही तिच्या टप्प्यात येतो. घोडा आणि गाढव मात्र सरळ मागे लाथ झाडतात, प्रसंगी दोन्ही पायांनी. म्हणून जनावरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून बांधलेल्या असतील, तर त्यांच्यामधल्या बोळातून मुलाला घेऊन जाऊ नये. वळसा पडला तरी चालेल. जनावराच्या खांद्याच्या बाजूने, त्याला आपण दिसू अशा रीतीने जावे आणि कासरा जेथपर्यंत पोहोचेल त्याच्या बाहेर चांगली दोन-तीन हात जागा सोडून थांबावे. मुलगी मोठ्या माणसाच्या कडेवर असावी. खांद्यावर बसवलेले मूल हातांनी काय धरते आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि ढेकळांच्या माळावर ढकलगाडी चालत नाही.

आता दाखवायचे काय, याविषयी. पन्नास जनावरांपुढून मुलीला फिरवण्यापेक्षा निवांत बसलेल्या एका गाईसमोर दहा मिनिटे थांबावे. रवंथ करणारी गाय शोधावी, कारण रवंथ करणारे जनावर बहुधा स्वस्थ असते. तिच्या गळ्याकडे नीट पाहिले की पोटातून वर येणारा घास नळीतून सरकताना कातडीखालून दिसतो. मग जबडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरू लागतो, बऱ्याच वेळाने थांबतो, घास खाली उतरतो आणि क्षणभराच्या विश्रांतीनंतर पुढचा घास वर येतो. मुलीला हे एकदा बोटाने दाखवावे आणि मग गप्प राहावे. पुढचा घास येण्याची वाट मुले स्वतःहून पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे. कान हलवून, शेपटी मारून, कातडी थरथरवून माशा उडवणे, नाकपुड्यांतून निघणारी वाफ, जिभेने नाक चाटणे, या सगळ्या गोष्टी पुस्तकातल्या हम्माला करता येत नाहीत. म्हशाच्या आसपासच्या डोंगराळ पट्ट्यात डांगी जातीची जनावरे पाळली जातात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेली ही जनावरे मुसळधार पावसातही काम करणारी म्हणून नावाजलेली आहेत. त्यांचे ठिपके लहान मुलांना विशेष आवडतात. जवळपास एखादे वासरू किंवा करडू असले तर तेही दाखवावे, मात्र त्याची आई त्याच बाजूला बांधलेली असेल तर दोघांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. नुकतीच व्यालेली, एरवी अगदी गरीब असलेली गायही अशा वेळी शिंग उगारते.

वेळ सकाळची निवडावी. उन्हे चढण्यापूर्वी गर्दी आणि धूळ कमी असते, जनावरे वैरण खात असतात आणि ध्वनिवर्धकांचा कल्लोळही सुरू झालेला नसतो. एक बारीकशी वाटणारी, पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे फुगा आणि पिपाणी जनावरांच्या बाजारातून बाहेर पडल्यावर घ्यावी. मानेजवळ फुटलेला फुगा किंवा अचानक वाजलेली पिपाणी यांनी दावणीची दावण बिथरल्याचे मी यात्रेत पाहिलेले आहे. छत्री उघडतानाही तीच काळजी घ्यावी. लाल कपड्यांना बैल बुजतो, हा समज मात्र सोडून द्यावा. तो रंगापेक्षा अचानक झालेल्या हालचालीने बिथरतो. मुलीला सासूबाईंनी घेतलेले लाल परकर-पोलके खुशाल घालावे, पायांत मात्र बंद बूट असावेत, कारण बाजाराच्या मातीत शेणाबरोबर बाभळीचे काटे, नालाचे खिळे आणि क्वचित फेकून दिलेल्या सुयाही असतात. गर्दीत चुकामूक झाल्यास उपयोगी पडावी म्हणून फोन क्रमांकाची चिठ्ठी खिशात शिवून ठेवावी.

हात लावायचाच असेल तर मालकाची परवानगी घेऊन, मालकाने स्वतः धरलेल्या करडाच्या किंवा कोकराच्या पाठीवर मुलीचा हात आपल्या हातात धरून फिरवावा. तोंडाकडे हात नेऊ नये. त्यानंतरचे काम मात्र टाळता येणार नाही, ते म्हणजे साबण आणि वाहते पाणी. वरून ठणठणीत दिसणाऱ्या गुराच्या किंवा शेळीच्या शेणालेंडीत माणसाला, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना, गंभीर जुलाब घडवणारे जंतू असू शकतात. अशा ई-कोलाय जंतूच्या एका प्रकाराने क्वचित प्रसंगी लहान मुलांच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. मुलांना हा संसर्ग जनावराला हात लावून होतो, तितकाच तो खाली पडलेल्या चोखणीतून, आईच्या शेणाने माखलेल्या पदरातून किंवा बाजारात उभ्याउभ्या खाल्लेल्या बिस्किटातूनही होतो. म्हणून बाटली, चोखणी, खेळणे आणि खाऊ गाडीतच ठेवावा. भूक लागलीच तर बाजाराबाहेर येऊन, हात धुऊन मगच काही द्यावे. घरून पाच लिटर पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी न्यावी, कारण यात्रेतल्या नळावरची गर्दी आपल्याला सोयीची नसते. हातावर चोळायचे सॅनिटायझर शेणामातीने मळलेल्या हातांवर नीट काम करत नाही आणि काही परजीवींवर त्याचा परिणामच होत नाही. तो पाणी मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय समजावा. परतल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत मुलीला जुलाब लागले, तर जलसंजीवनी सुरू करून डॉक्टरांना दाखवावे आणि जनावरांच्या बाजारात गेल्याचे आवर्जून सांगावे. शौचात रक्त दिसले तर वाट पाहू नये, आणि जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नये.

घरातल्या दुसऱ्या तटाला माझ्या वतीने एवढेच सांगावे की तासाभरात मुलगी कंटाळली, रडू लागली किंवा कडेवर झोपली, तर बाजार पाहून झाला असे समजून सर्वांनी बाहेर पडायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. घोंगड्यांची दुकाने पाहायची राहिली म्हणून तिला दुपारपर्यंत थांबवून ठेवू नये. मोठ्यांनी दोन गट करावेत.

प्रश्न : माझा नातू अडीच वर्षांचा असून पुण्याला असतो. गेल्या वर्षी यात्रेत आमच्या भावकीतल्या एकाने त्याला उचलून खिलार बैलाच्या पाठीवर बसवले. बैल हलला आणि नातू किंचाळून रडला. तेव्हापासून तो कुत्रे पाहूनसुद्धा लपतो. आमच्या घराण्यात बैलांची हौस तीन पिढ्यांची आहे. यंदा पुसेगावला त्याची भीती घालवता येईल का? (आजोबा, सातारा जिल्हा)

उत्तर : पुसेगावला ती जाणार नाही, गेलीच तर आपल्या घरच्या गोठ्यात जाईल, आणि तीही हळूहळू. दोन-तीन वर्षांच्या वयात मोठ्या जनावरांची भीती वाटणे हे निरोगी मुलाचे लक्षण आहे. ज्याचे वजन चारशे-पाचशे किलो आहे आणि ज्याचे डोके आपल्या सबंध देहाएवढे आहे, अशा प्राण्याला जो भीत नाही त्याचीच मी अधिक काळजी करीन. त्यातून खिलार हे तल्लख जनावर. चपळपणा आणि पाणीदारपणा यांसाठीच माणदेशात त्याची पैदास झाली. आपण ज्या गुणांसाठी त्याची किंमत मोजता, त्याच गुणांमुळे ते पहिल्या ओळखीच्या कामाचे नाही. मराठवाड्यातली देवणी त्या मानाने शांत, परंतु मुद्दा जातीचा नसून क्रमाचा आहे.

नातू आला की पहिले दोन दिवस त्याला गोठ्यात चला असे म्हणूच नये. सकाळी आपण कोंबड्यांना दाणे टाकता तेव्हा त्याला ओट्यावर बसू द्यावे. कोंबडी त्याच्याहून लहान असते आणि तो उठला की पळते. आपल्याला पाहून कोणीतरी पळते, ही गोष्ट भ्यालेल्या मुलाला फार धीर देते. त्यानंतर करडू, मग खुंट्याला बांधलेले वासरू, तेही आपण स्वतः त्याला खाजवीत असताना दुरून. मूल जनावराकडे पाहते त्याहून अधिक आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. आजोबा बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवतात, बैल मान लांब करून डोळे मिटतो, हे त्याने चार वेळा पाहिले की पाचव्या वेळी तो स्वतःच एक पाऊल पुढे येईल. पुढे आला नाही तरी काही बिघडत नाही. जवळ यायचे की नाही आणि किती, हे त्याने ठरवावे. त्याचा हात धरून जनावराच्या अंगावर कोणीही टेकवू नये.

काही बोलणी मात्र घरातून बंद करावीत. ‘जेवला नाहीस तर बैल येईल हं’ ही त्यांपैकी पहिली, आणि ‘आपल्या घराण्यातला मुलगा असून भितोस?’ ही दुसरी. पहिल्या वाक्याने भीती पेरली जाते, दुसऱ्याने ती लपवायला शिकवले जाते, आणि लपवलेली भीती जनावरांच्या बाबतीत फार घातक असते, कारण असे मूल धीटपणा दाखवण्यासाठी एके दिवशी नको तेथे हात घालते.

पुसेगावला न्यायचे असेल तर रथाच्या मुख्य दिवशी नेऊ नये. आदल्या दिवसांत कधीतरी सकाळी न्यावे आणि दूर उभे राहून झुली, घुंगुरमाळा, शिंगांना लावलेला हिंगूळ म्हणजे लाल रंग आणि शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या एवढेच दाखवावे. बैलांचा सौदा कसा होतो, म्हणजे उपरण्याखाली बोटे धरून दोघे कसे निर्विकार चेहऱ्याने भाव करतात, हे त्याला समजणार नाही, पण ते पाहताना लहान मुले खुदकन हसतात. दात पाहण्याचा प्रकार मात्र दुरूनच दाखवावा. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे नुसती कठीण गादी असते, आणि खालच्या आठ दातांपैकी किती दुधाचे पडून कायमचे आले त्यावरून तो दोन दाती, चार दाती की जुळलेला (आठही कायमचे दात आलेला) हे कळते, हे आपण जाणताच. नातवाचे स्वतःचे दुधाचे दात नुकते पुरे होत आले असतील, त्यामुळे ही गोष्ट त्याला बरीच जवळची वाटेल. भावकीतल्या त्या गृहस्थांना यंदा दुसरे काहीतरी काम सोपवावे.

प्रश्न : कृषी प्रदर्शनात नातवाला घेऊन जाणार आहोत. कोल्हापुरात गंगावेशीला कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन आमच्या पिढ्या वाढल्या. प्रदर्शनात समोर पिळलेले दूध दीड वर्षाच्या नातवाला घोटभर दिले तर काय होते? सुनेचा विरोध आहे. (आजी, कोल्हापूर)

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. धारोष्ण दुधाच्या चवीबद्दल कोल्हापूरकरांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही, आणि तालमीतून आलेल्या पैलवानाने ते प्यावे की नाही हा त्याचा प्रश्न आहे. दीड वर्षाच्या मुलाचे आतडे मात्र पैलवानाचे नसते. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (दीर्घकाळ ताप आणणारा रोग), जनावरांचा क्षय आणि वर सांगितलेले जुलाबाचे जंतू माणसात येऊ शकतात. कास धुऊन काढलेले दूधही याला अपवाद नाही, कारण ब्रुसेलोसिसचे जंतू दुधाबरोबरच येतात आणि जनावर वरून निरोगी दिसते. प्रदर्शनात तर त्या म्हशीची तपासणी कधी झाली, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. एक उकळी आली की हा सगळा धोका संपतो. तेच दूध किटलीत घरी न्यावे, तापवावे आणि नातवाला द्यावे. साय आपण घ्यावी. प्रदर्शनात त्याला पंढरपुरी म्हैस जरूर दाखवावी. तिची खांद्याच्याही मागे गेलेली लांबच लांब शिंगे पाहिल्यावर त्याला दुधाची आठवणही होणार नाही.

प्रश्न : मुलाला जनावरांना काहीतरी खाऊ घालायचे असते. आम्ही पोळ्या आणि केळी घेऊन जातो. काही लोक मालकाला न विचारता भात आणि प्रसादाचा शिरासुद्धा देतात. हे योग्य आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : योग्य नाही. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या पोटात चारा आंबवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि ते रोजच्या वैरणीला सरावलेले असतात. अचानक पोळ्या, भात, शिरा, पुरण अशा पिठूळ पदार्थांचा मारा झाला की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि जनावर मरूही शकते. सणावारी आणि यात्रेत अशी पोट बिघडलेली जनावरे तपासणे हा पशुवैद्यकाच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. एका पोळीने काही होत नाही, हे खरे. पण त्या दिवशी ती देणारे आपण एकटे नसतो.

मालकाने होकार दिला, तर त्याच्याच पेंढीतला हिरवा चारा मागून घ्यावा. मुलासाठी सर्वांत सोयीची शेळी. सुबाभळीची किंवा बोरीची हातभर लांब फांदी घेऊन एक टोक आपण आणि मुलाने मिळून धरावे आणि दुसऱ्या टोकाचा पाला शेळीला खाऊ द्यावा. उस्मानाबादी शेळी मागच्या पायांवर उभी राहून, लांब कान मागे टाकून पाला ओरबाडू लागली की मुले टाळ्या पिटतात, आणि तिचे तोंड मुलाच्या बोटांपासून हातभर दूर राहते. फांदीचे काटे मात्र आधी काढून टाकावेत.

प्रश्न : यात्रेत एका करडाने माझ्या दोन वर्षांच्या भाचीचे बोट तोंडात धरले. जखम दिसत नाही. घरातले हळद लावून मोकळे झाले. इंजेक्शन द्यावे लागेल का? (वाचिका, लातूर)

उत्तर : शेळीलाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ती बहुधा ओठांनी आणि हिरड्यांनीच चेपते. कातडी अखंड असेल, खरचटलेले नसेल, तर साबणाने स्वच्छ धुणे पुरेसे आहे. मात्र कुत्रा चावलेल्या शेळीला, गाईला किंवा घोड्याला रेबीज होऊ शकतो आणि त्यांच्या लाळेतून तो माणसालाही होऊ शकतो, हे विसरू नये. म्हणून किंचितही ओरखडा असेल, त्वचेत पूर्वीची चीर असेल किंवा लाळ डोळ्यात अथवा तोंडात गेली असेल, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन, डोळे व तोंड असेल तर नुसत्या पाण्याने धुऊन, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लस द्यायची की नाही, तिच्याबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागेल की नाही, हे ते ठरवतील. लस सरकारी रुग्णालयांत मिळते. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये, कारण त्यांनी जंतू मरत नाहीत आणि जखम मात्र चिडते. बालकाचा दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणी लसीचा बूस्टर झाला आहे ना, हेही पाहून घ्यावे. धनुर्वातापासूनचे संरक्षण त्यात असते.

माळेगावसारख्या यात्रेत कुत्र्यांचाही बाजार असतो, आणि घोडे, गाढवे व उंट यांना तर वरखाली दोन्हीकडे दात असतात. तेथे बोटांच्या बाबतीत शेळीइतके उदार राहू नये.

प्रश्न : सारंगखेड्याला चौदा महिन्यांच्या मुलाला घोड्यावर बसवून छायाचित्र काढायचे आहे. घोडेवाला लगाम धरून उभा राहतो. चालेल का? (वाचक, धुळे)

उत्तर : चालणार नाही. घोड्याच्या पाठीची उंची माणसाच्या खांद्याएवढी असते, त्या वयाचे शिरस्त्राण मिळत नाही, आणि शेजारचा घोडा खिंकाळला की लगाम धरणारा माणूस घोडा सावरेल, मूल नव्हे. मुलाला कडेवर घेऊन, घोड्याच्या खांद्यापासून चार हात दूर, त्याचे कान पुढे टवकारलेले असताना छायाचित्र काढावे. कान मागे चिकटले असतील तर तेवढेही करू नये.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे. तीन वर्षांच्या मोठ्या मुलाला प्रदर्शनातल्या शेळ्यामेंढ्या दाखवायला मीच न्यावे की नाही? (वाचिका, नाशिक)

उत्तर : दुरून पाहण्यास हरकत नाही. व्यालेल्या किंवा विण्याच्या बेतात असलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यात मात्र आपण जाऊ नये, नवजात करडू उचलू नये आणि व्याल्यावर पडणारी वार किंवा तिच्या स्रावांना हात लावू नये, कारण त्यांतून गर्भाला अपाय करणारे काही संसर्ग होऊ शकतात. मुलाला त्या भागात त्याच्या वडिलांनी न्यावे. बाहेर आल्यावर त्याचे हात वडिलांनीच धुवावेत, आणि त्याचे शेणाने भरलेले बूट गाडीत ठेवण्यापूर्वी पिशवीत बांधावेत.